सातशे एकरांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

माझी भाची इथे बडोद्यातच बी.ए.ला आहे. परवा प्रोजेक्टचे कागद घेऊन आली. "मावशी, एकदा फक्त नजर टाक." माझी सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत गेली, त्यामुळे नुसती नजर टाकणं मला जमत नाही. तिसऱ्या ओळीतच अडकले. लक्ष्मीविलास राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा, म्हणे. आपला ३,०४,९२,००० चौरस फूट, त्यांचा ८,२८,८२१.

म्हटलं, "अगं, जरा भागून तर बघ." छत्तीस पटींहून जास्त आलं. चौपट कुठे नि छत्तीसपट कुठे! तिचं उत्तर तयार होतं, "पण पाच-सहा साइट्सवर हेच आहे."

आता गंमत ऐका. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्याला ७०० नं गुणा. बरोबर ३,०४,९२,०००, एक फूटही इकडेतिकडे नाही. राजवाड्याचं आवार मुळात ७०० एकरांचं होतं असं सांगतात. तेच बागा-मैदानांसकट कुणीतरी चौरस फुटांत मांडलं आणि लंडनच्या राजवाड्याच्या आतल्या मजल्यांच्या क्षेत्रफळाशेजारी ठेवलं. आपलं अंगण आणि त्यांचं घर! पुढच्यांनी वही उतरवावी तसं उतरवून घेतलं. परीक्षेत कॉपी कशी पकडतात? उत्तर सारखं आलं म्हणून नाही, चूक सारखी आली म्हणून.

तेव्हा आकडा दिसला की मागे मागे जायचं. कुणी मोजला, कधी, कशावरून? जिथे वाट बुजते, तिथे तो आकडा खाली ठेवायचा.

वाट बुजत नाही अशाही गोष्टी आहेत. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सयाजीरावांनी कधी सुरू केलं? कुठे १८९३ दिसेल, कुठे १९०६. भाचीला वाटलं, एक चूक असणार. दोन्ही खरी आहेत: १८९३ला अमरेलीत प्रयोग झाला, १९०६ला तो सगळ्या संस्थानात लागू केला. असं जुळवून बघायला संस्थानाचे वार्षिक अहवाल आहेत, १९२३ साली दोन खंडांत निघालेलं गॅझेटिअर आहे. असे कितीतरी जुने ग्रंथ आज इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले सापडतात.

पण सापडायला स्पेलिंग हवं. ही बडोदेकरांची खास अडचण. इंग्रजीत 'वडोदरा' टाकलंत तर जुनं फारसं हाती लागणार नाही, कारण ते नाव सरकारदरबारी आलं १९७४ साली. 'बरोडा' टाका. गायकवाडांच्या नावाच्या शेवटी 'डी' लावून बघा आणि 'आर'ही. साहेबाच्या कागदांत ते 'गायकवार' आहेत. डेटाबेसला आपल्यासारखं समजून घेता येत नाही, तो अक्षरं जुळवतो. अख्खा प्रश्न लिहू नका. दोन-तीन नेमके शब्द द्या, आणि ते लागोपाठच हवे असतील तर अवतरणचिन्हांत द्या.

प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्रानं ती उभी केली, भारतभरच्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. मी तर आधी शेवटची संदर्भसूची उघडते; दुसऱ्यानं चार वर्षं केलेली पायपीट आयती मिळते. प्रबंध मान्य झाला म्हणजे त्यातलं सगळंच बरोबर, असं मात्र नाही.

संशोधन-लेख उघडताना प्रकाशकाची साइट पैसे मागते. कार्ड बाहेर काढायच्या आधी लायब्ररीच्या लॉगिननं बघा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत जानेवारी २०२५पासून सरकारी विद्यापीठं नि कॉलेजांना तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. आपली मुलं विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून तोच लेख मोबाइलवर विकत घ्यायला निघतात, तेव्हा काय बोलावं!

एआयला संदर्भ विचारलेत, तर प्रत्येक लेख खरोखर उघडून बघा. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, आणि असा लेख कधी छापलाच नाही, असंही होतं. लेखाला डीओआय क्रमांक, म्हणजे इंटरनेटवरची त्याची कायमची ओळख, दिला असेल, तर तो टाकून नेमकं काय उघडतं ते बघायला अर्धं मिनिट पुरतं.

भाचीला शेवटी मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पाठवलं. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून जी ग्रंथालयव्यवस्था घडवली, तिचं हे घर. वरच्या मजल्यावर चालायला काचेची जमीन, खालच्या कपाटांना उजेड मिळावा म्हणून. तिला बजावलं होतं, "सयाजीरावांवर काही आहे का, असं विचारू नकोस, दिवसभर पुस्तकं काढत बसतील. राजवाड्याच्या बांधकामाचा खर्च नि मोजमाप, १८९०च्या आगेमागे, असं विचार."

संध्याकाळी तिचा फोन आला, "मावशी, 'चौपट' खोडलं. त्या जागी काय लिहू?"

म्हटलं, "आवार ७०० एकर, असं सांगतात. आणि मजल्यांचं मोजमाप मिळेपर्यंत जागा कोरी सोड."