चिलटाच्या अंगातले कापणारे एन्झाइम

पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारं हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला, आंब्यात अळ्या करणारी फळमाशी वेगळी बरं का. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर, पण प्रोटीन कापणारे पेप्टिडेज एन्झाइम हिच्या अंगात शेकडो आहेत. असे एन्झाइम अन्न पचवतात हे शाळेत शिकलेलं असतं, हिच्या आतड्यातही ट्रिप्सिन तेच करतं, पण खरी गंमत आतड्याच्या बाहेर आहे.

हे तिचं अंडं, अर्धा मिलिमीटर. पोट कुठे आणि पाठ कुठे हे अजून ठरायचंय. गर्भाभोवतीच्या द्रवात स्पेट्झल नावाचं प्रोटीन असतं, पण कापल्याशिवाय ते काहीच करत नाही. मग एकामागून एक एन्झाइम जागे होत जातात, गॅस्ट्रुलेशन डिफेक्टिव्ह नावाचा एन्झाइम स्नेक नावाच्या एन्झाइमला कापतो, स्नेक ईस्टरला, आणि ईस्टर शेवटी स्पेट्झलला, तेही फक्त एकाच बाजूला! कापलेलं स्पेट्झल गर्भाच्या पृष्ठभागावरच्या टोल रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटलं की ती बाजू पोटाची. आईकडे यातला एक जीन जरी पूर्ण बिघडलेला असला तरी पिल्लाला पोटच येत नाही, सगळीकडून पाठच पाठ.

आता मोठी माशी बघा. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ज्यूल हॉफमन यांच्या लॅबमध्ये दिसलं की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीच्या इन्फेक्शनने मरतात, म्हणजे गर्भात पोट ठरवणारा तोच टोल मोठेपणी जीव वाचवतो. स्पेट्झलही तेच, फक्त कापणारा बदलतो, इथे ईस्टर नाही तर एसपीई नावाचा एन्झाइम. हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं त्यामागे हेच काम.

आणि या साखळीतला पर्सेफनी नावाचा एन्झाइम तर मला सगळ्यात भारी वाटतो. बुरशी माशीची कातडी फोडायला स्वतःचे प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन कापणारे एन्झाइमच, सोडते ना, पर्सेफनीच्या अंगावर एक भाग असा आहे की त्या प्रोटिएजनी तो कापला की आमिष गिळल्यासारखंच, तिथून एसपीई जागा होतो, स्पेट्झल कापलं जातं आणि माशीचं शरीर बुरशी मारणारं ड्रोसोमायसिन बनवायला लागतं.

हे सगळं आवरायला नेक्रोटिक नावाचं एक प्रोटीन ब्रेक लावून बसलेलं असतं. ते नसेल तर इन्फेक्शन नसतानाही टोल चालूच राहतो, अंगावर काळे डाग पडतात आणि माशी थोड्याच दिवसांत मरते. पण त्याच माशीत पर्सेफनीचा जीनही बिघडवला तर ती जगते, पर्सेफनी सापडला तो असाच.