स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी

हे चाक बघा. जवळपास कातणारीच्या छातीएवढं उंच, याच्यापुढे बसून सूत काढता येत नाही, उभंच राहावं लागतं. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात लोकरीचा पेळू धरायचा आणि एकेक पाऊल मागे सरकायचं, जसं मागे जाल तसा धागा लांबत जातो, पीळ बसतो, मग परत पुढे येऊन तो चातीवर गुंडाळायचा. परत मागे. परत पुढे. दिवसभर.

इंग्लंडमध्ये हे काम करणाऱ्या बाईला म्हणायचे स्पिन्स्टर.

आज स्पिन्स्टर ऐकलं की काय डोक्यात येतं? लग्नाचं वय उलटून गेलेली, एकटी राहिलेली बाई. पण हा शब्द आधी कामाचं नाव होता. जुन्या इंग्रजीत 'स्टर' हा प्रत्यय लागला की ते काम करणारी बाई असा अर्थ व्हायचा. विणणारी ती वेब्स्टर, पाव भाजणारी बॅक्स्टर, बिअर गाळणारी ब्रूस्टर. पुढे हे शब्द पुरुषांनाही लागले, मग आडनावं झाली. हा समोर जो जाडजूड शब्दकोश उघडलाय ना, १८२८ सालचा, तो लिहिणारा नोआ वेब्स्टर, त्याच्या आडनावातच एक विणकरीण बसलीय. आणि त्याच्या कोशात स्पिन्स्टरचा पहिला अर्थ आहे, सूत कातणारी बाई.

आता ही टकळी. युरोपात चाक आलं साधारण तेराव्या शतकात, त्याआधी सगळं सूत हिच्यावरच निघायचं, आणि चाक आल्यावरही ही गेली नाही कारण ही कमरेला खोचून कुठेही नेता येते. काठीला लोकर गुंडाळलेली दिसतेय, तिला डिस्टाफ म्हणतात, आणि इंग्रजीत आजही आईकडच्या नातेवाइकांना 'डिस्टाफ साइड' म्हणतात, म्हणजे बाई आणि कातकाम इतकं एकजीव झालेलं होतं. एका मागाला सूत पुरवायला कितीतरी कातणाऱ्या लागायच्या. १७३३ मध्ये जॉन के याने धावता धोटा काढला, विणकाम झपाट्याने होऊ लागलं, आणि मग तर सूत पुरेचना.

मग शब्द फिरला कुठे? या असल्या कागदांवर. जुन्या दस्तऐवजांत पुरुषाच्या नावापुढे त्याचा धंदा लिहिलेला असतो, शेतकरी, सुतार, लोहार. बाईच्या नावापुढे ती कुणाची बायको किंवा कुणाची विधवा ते, आणि दोन्ही नसेल तर स्पिन्स्टर. सतराव्या शतकात हा शब्द असा बिनलग्नाच्या बाईचा कायदेशीर शिक्का झाला, मग ती कातत असो नसो. बिनलग्नाचा पुरुष मात्र बॅचलर, आणि त्या शब्दात आजही मोकळेपणा आहे, तरुणपणा आहे, पदवीसुद्धा आहे.

आता हे कणीक मळणारे हात. लेडी हा शब्द इथून आलाय. जुन्या इंग्रजीत 'हलाफ' म्हणजे पाव. पावाची राखण करणारा तो लॉर्ड, पाव मळणारी ती लेडी. मळणारीचं काम जास्त की राखणाऱ्याचं, ते हातांकडे बघून तुम्हीच ठरवा.

बाकीचे शब्द पटकन सांगते. मास्टर आणि मिस्ट्रेस ही जोडी, दोघंही घरचे धनी. मास्टर अजून उस्तादच आहे, मिस्ट्रेसचं ठेवलेली बाई झालं. हाउसवाइफ बोलता बोलता झिजून हसी झालं, आणि हसी म्हणजे उठवळ. पुरुषांच्या शब्दांची अशी गत क्वचितच झाली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाच्या नोंदवहीत बॅचलर आणि स्पिन्स्टर लिहायचं बंद झालं ते डिसेंबर २००५ मध्ये, आता दोघांनाही सिंगल लिहितात. तोपर्यंत कित्येक बायकांनी हा शब्द स्वतःच्या नावापुढे मुकाट बघितला.

परत त्या चाकाकडे जाऊया. ती बघा, मागे सरकतेय, धागा अजून तुटलेला नाही. आता मी थांबते, फक्त चाकाचा आवाज ऐका.