आज हयात असलेल्यांत थोर कोण?

[दृश्य: फिनिक्सचं मैदान, दिव्यांच्या उजेडात]

२८ मे १९९८. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर. बेसबॉलचा सामना, नववी, म्हणजे शेवटची इनिंग. ॲरिझोना डायमंडबॅक्सच्या ८ धावा, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या ६. तिघे बाद झाले की इनिंग संपते; जायंट्सचे दोघे बाद झालेत, पण तिन्ही बेसवर त्यांचे खेळाडू उभे आहेत. एक मोठा फटका बसला की सामना फिरला. आणि बॅट घेऊन येतोय बॅरी बाँड्स.

डायमंडबॅक्सचे मॅनेजर बक शोवॉल्टर खूण करतात. कॅचर उठून उभा राहतो, बाजूला सरकून हात लांब करतो. पिचर ग्रेग ओल्सन एकामागून एक चार चेंडू बाँड्सच्या बॅटपासून लांब, अलगद कॅचरच्या हातात देतो. असे चार चेंडू पडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. पण इथे बेस भरलेले. म्हणजे प्रत्येक जण एक घर पुढे सरकणार आणि तिसऱ्या बेसवरचा आयता धाव काढणार. शोवॉल्टरना ते ठाऊक होतं. शेवटच्या इनिंगमध्ये, दोनच धावांची आघाडी असताना, त्यांनी त्यातली एक धाव आपल्या हाताने देऊन टाकली. बाँड्सला खेळू द्यायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पुढच्या बॅटरचा फटका झेलला गेला. डायमंडबॅक्स ८-७ ने जिंकले.

हा प्रसंग लक्षात ठेवा. आपण परत इथे येणार आहोत.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

‘हयात असलेला सर्वश्रेष्ठ खेळाडू’ ही बेसबॉलमधली जवळजवळ पदवीच आहे. १९६९ मध्ये व्यावसायिक बेसबॉलला शंभर वर्षं झाली, तेव्हा कौल घेतला गेला. आजवरचा सर्वश्रेष्ठ ठरला बेब रूथ. पण रूथ १९४८ मध्येच गेला होता. म्हणून हयात असलेल्यांतला वेगळा निवडला, तो जो डिमॅजिओ. १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट, म्हणजे सुखरूप बेस गाठून देणारा फटका, मारणारा, न्यूयॉर्क यांकीजचा डिमॅजिओ. पुढची तीस वर्षं, १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, आपली ओळख याच शब्दांत करून दिली जावी असा त्याचा आग्रह असे.

मला तो कौल तेव्हाही पटण्यासारखा वाटत नाही. कारण १९६९ मध्ये विली मेज नुसता हयात नव्हता, तो अजून मैदानावर खेळत होता.

[दृश्य: पोलो ग्राउंड्स, न्यूयॉर्क, २९ सप्टेंबर १९५४]

वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना. मेजचा जायंट्स संघ तेव्हा न्यूयॉर्कचा होता. आठवी इनिंग, २-२ बरोबरी. क्लीव्हलंडचे दोघे बेसवर, बाद एकही नाही. विक वर्ट्झचा फटका थेट मधल्या मैदानाच्या टोकाकडे जातो, चारशे फुटांहून लांब. मेज पाठ फिरवतो आणि धावत सुटतो. तो मागे वळून बघत नाही. चेंडू त्याच्या खांद्यावरून पुढे येतो आणि ओंजळीत पडावा तसा ग्लोव्हमध्ये पडतो. आता त्याचे पाय बघा. झेल घेतल्या घेतल्या तो गर्रकन वळून चेंडू फेकतो, टोपी उडते, तोल जातो, तो जमिनीवर पडतो. झेलाचं कौतुक सगळे करतात. मला ती फेक मोठी वाटते, कारण क्लीव्हलंडला त्या इनिंगमध्ये एकही धाव मिळाली नाही. जायंट्सनी तो सामना जिंकला आणि पुढे मालिकाही.

मेजच्या नावावर ६६० होमरन आहेत, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे, थेट मैदानाबाहेर गेलेले फटके. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीत त्याचे जवळजवळ दोन मोसम गेले, तरीही ६६०.

१९४८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मेज बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळत होता. गोऱ्यांच्या लीगचं दार कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनसाठी १९४७ मध्ये उघडलं. त्याच वर्षी, दार उघडण्याच्या तीन महिने आधी, कृष्णवर्णीयांच्या लीगमधला जॉश गिब्सन पस्तिसाव्या वर्षी गेला. २०२४ मध्ये त्या लीगच्या नोंदी अधिकृत आकडेवारीत धरल्या गेल्या आणि गिब्सन कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत पहिला आला. ‘हयात’ या शब्दाची अट अशी फार दुखवते.

त्या मोजणीत मेजच्या खात्यातही दहा हिट वाढल्या. १८ जून २०२४ रोजी, ९३ व्या वर्षी, मेज गेले. दोनच दिवसांनी बर्मिंगहॅमच्या रिकवूड फील्डवर, जिथे त्यांची सुरुवात झाली तिथेच, जायंट्सचा सामना व्हायचा होता. तो झाला.

त्याच वर्षी ४२५६ हिटचा पीट रोज गेला. १४०६ बेस चोरणारा, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठणारा, रिकी हेंडरसनही गेला.

[दृश्य: डॉजर स्टेडियम]

मग आता कोण? डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स, त्याचं नाव घेणाऱ्यांचा मी आदर करतो. ९ सप्टेंबर १९६५ ला त्याने शिकागो कब्जच्या एकाही बॅटरला पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही. पण डावखुऱ्या कोफॅक्सच्या कोपराच्या संधिवाताने त्याला तिसाव्या वर्षीच थांबवलं. शोहेई ओतानी पिचिंगही करतो आणि होमरनही मारतो. २०२४ मध्ये ५४ होमरन आणि ५९ चोरलेले बेस. तो अजून खेळतोय. त्याचा हिशोब नंतर.

माझा कौल बाँड्सला.

त्याच्यावर उत्तेजकांचा आरोप आहे आणि तो हलका नाही. जाणूनबुजून घेतली नाहीत, असं त्याने साक्षीत सांगितलं. न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला, २०१५ मध्ये तो निकाल रद्द झाला. हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचं कूपर्सटाउनमधलं सन्मानदालन, त्यासाठी ७५ टक्के मतं लागतात. दहा वर्षांच्या मतदानात तो ६६ टक्क्यांपर्यंतच पोचला. २००१ च्या एकाच मोसमातले त्याचे ७३ होमरन मी हिशोबातून वगळायला तयार आहे. मुख्य आरोप १९९८ नंतरच्या वर्षांचे आहेत. तोवर त्याच्याकडे ४०० होमरन आणि ४०० चोरलेले बेस होते, आणि असा खेळाडू त्याआधी एकही झाला नव्हता. तीनदा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, आठ गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. आणि फिनिक्सची ती रात्र मे १९९८ ची आहे. शोवॉल्टर घाबरले ते या बाँड्सला.

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, ७ ऑगस्ट २००७]

७५६ वा होमरन. हँक ॲरनचा ७५५ चा विक्रम मोडला. हा चेंडू पुढे एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरना विकत घेतला, लोकांची मतं मागवली आणि त्यावर तारांकित खूण, म्हणजे विक्रमावरची शंका, उमटवून तो कूपर्सटाउनच्या संग्रहालयात दिला. चेंडू आजही त्याच खुणेसह तिथे आहे.

पण या क्षणी ती खूण अजून उमटायची आहे. मैदानाच्या पडद्यावर ॲरनचा आधी चित्रित केलेला अभिनंदनाचा निरोप चाललाय. बाँड्सच्या शेजारी ७६ वर्षांचे मेज उभे आहेत, त्याचे धर्मपिता, त्याच्या वडिलांचे संघातले सोबती. वडील बॉबी बाँड्स चार वर्षांपूर्वी गेलेत. बाँड्स माइक हातात घेतो, वडिलांचे आभार मानतो आणि त्याचा आवाज भरून येतो.

२०२१ मध्ये ॲरन गेले. २०२४ मध्ये मेज. या चित्रातला बाँड्स तेवढा आहे.