गाठ कोणी मारली? ‘डार्क’ मालिकेतील नियती आणि इच्छास्वातंत्र्य

आजच्या विषयाची सुरुवात मी एका व्रणापासून करतो. ‘डार्क’ या कालप्रवासावरच्या जर्मन मालिकेत हेल्गे नावाचा एक म्हातारा आहे. २०१९ सालातला, स्मृतिभ्रंश झालेला हा माणूस पडद्यावर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, कानाजवळ, एक जुना व्रण दिसतो आणि म्हातारपणाची एक खूण म्हणून आपण तो सोडून देतो. पुढे उलरिश नावाचा पोलीस अधिकारी आपल्या हरवलेल्या मुलाच्या शोधात गुहेतून १९५३ सालात पोहोचतो. हेल्गेनेच मुलांना पळवले अशी त्याची खात्री झालेली असते आणि समोर तर तोच हेल्गे लहान मुलगा होऊन उभा असतो. उलरिश दगड उचलतो. याला आत्ताच संपवले तर पुढचे काहीच घडणार नाही, इतका साधा त्याचा हिशेब आहे. पण मुलगा मरत नाही. त्याच्या चेहऱ्यावर जखम राहते, आणि आपण अनेक भागांपासून पाहत असलेला व्रण कुठून आला हे आपल्याला कळते. उलरिशने भूतकाळ बदलला नाही. त्याने तो घडवला.

मालिकेचा शेवटही मला सांगावा लागणार आहे, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी क्षमा करावी. बारान बो ओदार आणि यांट्ये फ्रीझे या दोघांनी रचलेली ही मालिका डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि तीन पर्वांत, एकूण २६ भागांत, २०२० साली संपली. विंडेन हे काल्पनिक गाव, तिथले अणुऊर्जा केंद्र, जंगलातली गुहा आणि दर ३३ वर्षांनी एकमेकांना जोडली जाणारी १९५३, १९८६ आणि २०१९ ही साले, एवढ्यावर पहिले पर्व उभे आहे. तिसरे पर्व २७ जून २०२० रोजी प्रदर्शित झाले, आणि मालिकेतल्या विंडेनचा विनाश होतो तो दिवसही हाच. कॅलेंडरसुद्धा कथेत ओढून घेण्याचा रचनाकारांचा हा हट्ट मला फार आवडतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण ‘दैव’ हा शब्द वापरतो तेव्हा त्यात देणारा कोणीतरी गृहीत असतो. कोणीतरी आपल्या कपाळी काही लिहिले आहे आणि आपण त्याविरुद्ध झगडतो, असे चित्र त्या शब्दामागे असते. ‘डार्क’मध्ये असा लिहिणारा कोणीही नाही. आदाम आणि एव्हा ही दोन पात्रे सुरुवातीला सूत्रधार वाटतात खरी, पण आदाम हा म्हातारा झालेला योनास, म्हणजे कथेचा तरुण नायक आहे आणि एव्हा ही म्हातारी झालेली मार्था, त्याची प्रेयसी, पण दुसऱ्या एका समांतर जगातली. कळसूत्री बाहुल्यांचे दोरे धरणारे हात शेवटी बाहुल्यांचेच निघतात. म्हणून इथल्या नियतीला मी दैव म्हणणार नाही. ही कार्यकारणाची साखळी आहे, तिचे दुसरे टोक फिरून पहिल्याच कडीत अडकलेले आहे, आणि प्रत्येक कडी कोणाच्या तरी इच्छेची आहे. माझे आजचे सारे म्हणणे या शेवटच्या शब्दावर उभे आहे.

याचा सर्वांत वेदनादायक पुरावा दुसऱ्या पर्वात मिळतो. योनासचे वडील मिखाएल यांनी २१ जून २०१९ रोजी गळफास घेतला आणि तिथूनच योनासचे आयुष्य विस्कटले. आदामच्या सांगण्यावरून योनास आदल्या दिवशी, २० जूनला, वडिलांपुढे जाऊन उभा राहतो आणि जीव देऊ नका म्हणून विनवतो. त्यावर मिखाएलच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मुद्दाम पाहा. तिथे पकडले गेल्याची लाज नाही, निव्वळ गोंधळ आहे, कारण त्यांच्या मनात असा विचारच नव्हता. तो विचार मुलाच्या विनवणीतूनच त्या खोलीत येतो. मिखाएल म्हणजे उलरिशचा हरवलेला मुलगाच, १९८६ सालात पोहोचून तिथेच मोठा झालेला. त्याच बोलण्यात ते सांगतात की लहानपणी, ते हरवले त्या रात्री, त्यांना गुहेपर्यंत नेणारा मुलगा योनासच होता. इतक्या प्रेमाने केलेली कृती इतकी घातक ठरल्याचे उदाहरण मला टीव्हीवरच्या दुसऱ्या कुठल्या मालिकेत आढळलेले नाही. इथे कोणी योनासचा हात धरून त्याला ओढत नेलेले नाही. वडील वाचावेत असे त्याला मनापासून वाटते, आणि त्या वाटण्यातूनच गाठ आवळली जाते.

तिसऱ्या पर्वाच्या आरंभी शोपेनहाउअरचे वचन येते. माणूस त्याला हवे ते करू शकतो, पण काय हवे असावे हे तो ठरवू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. या तत्त्वज्ञाने इच्छास्वातंत्र्यावर लिहिलेल्या निबंधाला १८३९ साली नॉर्वेतील शाही विज्ञान संस्थेचे पारितोषिक मिळाले होते. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: मी डावीकडे वळू शकतो किंवा उजवीकडे, असे म्हणताना ‘माझी तशी इच्छा असली तर’ ही अट आपण गिळून टाकतो आणि मग इच्छा कुठून आली हा प्रश्न विचारायचा राहतोच. विंडेनच्या रहिवाशांना करण्याचे स्वातंत्र्य पुरेपूर आहे; ते काळ ओलांडतात, दगड उचलतात, बंदुका चालवतात. हवेपणाच्या बाबतीत मात्र त्यांचे काही चालत नाही.

बंदुकीवरून एक प्रसंग आठवतो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस आदामचा अनुयायी नोआ त्याच्यावरच बंदूक रोखून चाप ओढतो, पण गोळी सुटत नाही. क्षणभराने तेच हत्यार नोआची बहीण अग्नेस हिच्या हातात जाते, गोळी सुटते आणि नोआ मरतो. अनेक प्रेक्षकांना हा जादूचा प्रकार वाटला आणि त्यांनी नाराजीही व्यक्त केली. मला ती नाराजी समजते, पण पटत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ साली कालप्रवासातील विरोधाभासांवर लिहिताना ‘शकणे’ या साध्या क्रियापदाची चिकित्सा केली होती. ते म्हणतात: माकड फिनिश भाषा बोलू शकत नाही, पण मी बोलू शकतो, कारण माझा कंठ त्यासाठी घडलेला आहे; म्हणून मला दुभाषा करून हेलसिंकीला मात्र नेऊ नका, कारण मी फिनिश बोलू शकत नाही. ही दोन्ही विधाने खरी आहेत. आपण कोणती तथ्ये हिशेबात धरतो त्यावर ‘शकणे’ ठरते. नोआचा हात, नेम आणि बंदूक एवढेच धरले तर तो आदामला मारू शकतो. आदाम पुढेही जिवंत असणार, हे तथ्य त्यात मिळवले की तो मारू शकत नाही. गोळी न सुटण्याला कुठल्याही शक्तीचा हस्तक्षेप लागत नाही. अडकलेली बंदूक ही एक सामान्य घटना आहे, फक्त तिचा परिणाम आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

मग सुटका होते कशी? अखेरच्या भागात क्लाउडिया, विंडेनच्या अणुऊर्जा केंद्राची एकेकाळची प्रमुख, आदामला सांगते की त्याचे आणि एव्हाचे अशी ही दोन्ही जगे एका तिसऱ्या, मूळ जगाच्या फुटण्यातून निर्माण झाली आहेत. त्या जगात तानहाउस नावाच्या घड्याळजीने अपघातात मुलगा, सून आणि नात गमावली, आणि त्यांना परत आणण्यासाठी यंत्र बनवताना त्याने जगच दुभंगले. विनाशाच्या घडीला काळ क्षणार्धासाठी थांबतो, कार्यकारणाची साखळी तेवढ्यापुरती तुटते, आणि त्याच फटीतून योनास आणि मार्था मूळ जगात पोहोचून तो अपघात टाळतात.

ही पळवाट सोयीची आहे, असा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. पंचवीस भाग दार बंद असल्याचे सांगून शेवटच्या भागात खिडकी उघडणे, ही लेखकाने स्वतःला दिलेली सवलत वाटू शकते. मलाही पहिल्यांदा पाहताना तसेच वाटले होते. पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि माझे मत बदलले. ती फट एव्हाला आधीपासून ठाऊक होती, आणि ती वापरतही होती. त्याच थांबलेल्या क्षणाचा उपयोग करून ती मार्थाला दोन वेगळ्या वाटांवर पाठवते आणि असे करून गाठ टिकवते, कारण त्या गाठीतूनच तिचा मुलगा जन्माला येतो आणि तिला तो हवा आहे. म्हणजे स्वातंत्र्याचा क्षण प्रत्येक फेरीत उपलब्ध होता, आणि प्रत्येक फेरीत तो त्याच जुन्या इच्छेच्या कामी लावला जात होता. गाठ सुटली ती फट सापडल्यामुळे नव्हे. तिच्यातून काही वाचवायचे नाही, स्वतःलाही नाही, असे म्हणणारे दोघे तिथे पोहोचले म्हणून. आदामही शेवटी एव्हासमोर येतो आणि गोळी झाडत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक भर घातली पाहिजे. क्लाउडिया हे सारे करते ते आपली मुलगी रेगिना जगावी म्हणून, आणि रेगिना मूळ जगात जगते. म्हणजे बाहेरची वाटही इच्छेनेच शोधली. तानहाउसला मुलगा हवा होता, क्लाउडियाला मुलगी. एकाच्या हवेपणाने जग दुभंगले आणि दुसरीच्या हवेपणाने ते पुन्हा सांधले. तेव्हा इच्छा सोडली की नियती संपते, इतके सरळ उत्तर ही मालिका देत नाही, आणि तसे दिले असते तर माझा तिच्यावर विश्वास बसला नसता. क्लाउडियाचे वेगळेपण एवढेच की रेगिना ज्या जगात जगेल त्या जगात आपण तिच्याजवळ नसू, हे तिला माहीत आहे आणि तरीही तिला तेच हवे आहे.

शेवटचे दृश्य मूळ जगातले आहे. जेवणाचे टेबल, पावसाळी रात्र, मध्येच गेलेले दिवे. गरोदर हाना, आधीच्या जगातली योनासची आई, खोलीत टांगलेल्या पिवळ्या रेनकोटकडे, योनास घालायचा तशाच, टक लावून पाहते. हे आपण आधी अनुभवले आहे असे तिला वाटते, पण काय ते आठवत नाही. बाळाचे नाव काय ठेवणार असे कोणी विचारते. या जगात योनास कधी जन्मलेलाच नाही, त्याची आठवण कोणाकडे असण्याचा प्रश्नच नाही. हाना जरा थांबते आणि म्हणते, योनास. तिला हे नाव आवडते. का आवडते, हे कोणी विचारत नाही, आणि विचारले असते तरी तिला सांगता आले नसते.