सही चालतेय तोवर

नमस्कार श्रोतेहो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाल्याचं कळलं की आपण आधी विचारतो, महिन्याला खर्च किती येईल? आमचं कळकळीचं सांगणं आहे, त्याच्याही आधी पैसे कुणाच्या सहीनं निघतात ते बघा.

बँकेच्या स्लिपवरची सही निरखून पाहा. आडनावातली वेलांटी गळते, अक्षरं ओळ सोडून खाली उतरतात, आणि एक दिवस चेक परत येतो. खात्यात पैसे असून ब्युरोच्या मावशींचा पगार अडतो. "नॉमिनी लावलाय की!" पण नॉमिनीला पैसे मिळतात ते मृत्यूनंतर, आजारपणात नाही. मुखत्यारपत्रही कामी येत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची समज गेली की संपतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात धाव, वैद्यकीय तपासणी, वकिलाची फी.

म्हणून त्यांना समजतंय तोवर, त्यांना विचारूनच, खातं घरातल्या एकासोबत जोडून 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात', म्हणजे कुणाही एकाच्या सहीवर चालेल, असं करा. मुदतठेव मुदतीआधी मोडायला बऱ्याच बँका दोघांच्या सह्या मागतात. एकाच्या सहीवर मोडता यावी, असं आत्ताच लेखी देऊन ठेवा. समज आहे पण हात चालत नाही, तर अंगठा चालतो. साक्षीदार दोन, त्यातला एक बँकेचा अधिकारी.

आता खर्च. आरोग्य विमा किंवा सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड हॉस्पिटलात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. आंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठून दाराची कडी काढू नयेत म्हणून जागणं, याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. दिवसाला ३-४ डायपर धरले तर महिन्याला शंभराच्या आसपास लागतात. रात्रपाळीला दुसरी बाई लागते. मावशींच्या सुट्टीच्या दिवशीची बदली तर हिशोबात कुणी धरतच नाही, आणि तिथेच महिना कोलमडतो.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के व्याज धरलं तर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. हे व्याज थेट त्या दोघांच्या खात्यात जमा होऊ द्या.

आयकराच्या जुन्या प्रणालीत ज्येष्ठांच्या डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर १ लाखापर्यंत वजावट मिळते, '८० डीडीबी' म्हणून ओळखली जाणारी. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन आणि किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. पुढच्या भेटीतच दोन्ही मागून घ्या.