उपाशी पेशी आणि एक कडू गोळी

हे यीस्ट. पाव फुगवतं तेच. या पेशींना आपण उपाशी ठेवलंय. मधला तो मोठा गोल कप्पा बघा. मघाशी रिकामा होता, आता त्यात बारीक दाणे भरलेत आणि सारखे थरथरताहेत.

1988 मध्ये टोकियोत योशिनोरी ओहसुमी यांनी हेच पाहिलं. पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी मुद्दाम निवडलं होतं, म्हणून पेशीने गिळलेलं न पचता तसंच दिसत राहिलं. पेशी स्वतःचेच तुकडे खात होती. ऑटोफॅजी ती हीच. 2016 चं नोबेल याच कामाला मिळालं.

आपल्या पेशीही मोडकी प्रथिनं पिशवीत बांधून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात, नेतात, विरघळवतात, पुन्हा वापरतात. दुर्दैवानं, कर्करोगाच्या पेशीही. स्वादुपिंडाच्या गाठीत रक्त जेमतेम पोचतं. तरी ती वाढते, कारण तिथल्या पेशी या घरच्याच शिदोरीवर तग धरतात. ती शिदोरीच तोडली तर?

औषध हाताशी होतं. मलेरियावरच्या क्लोरोक्विनची बहीण, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ती लायसोसोममध्ये शिरून अडकते, तिथला आंबटपणा उतरवते, आणि पचन थांबतं. काचेच्या बशीत तरी थांबतं. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगावर किरणोपचार आणि केमोथेरपीच्या जोडीला ती देऊन पाहिली. दिवसाला 600 मिलिग्रॅमच्या वर गेलं की रक्तातल्या पेशी घटायच्या, आणि तेवढ्या मात्रेत ऑटोफॅजी सगळ्यांत सारखी थांबेना. रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. मला वाटतं, इथे कल्पना हरली नाही. गोळी कमी पडली.

म्हणून आता नेमके रेणू घडवले जाताहेत. शेवटच्या पचनाऐवजी ते सुरुवातच अडवतात: पिशवी बांधायला घेणारी यूएलके1, व्हीपीएस34 ही विकरं. 2014 मधला एसएआर405 हा रेणू व्हीपीएस34 च्या खाचेत जाऊन बसतो, आसपासच्या तशाच विकरांना जवळजवळ हात लावत नाही.

धास्ती वेगळीच आहे. प्रौढ उंदरांच्या सगळ्या शरीरातून ऑटोफॅजीला लागणारं एटीजी7 हे जनुक काढून टाकलं, तेव्हा फुप्फुसातल्या गाठी आकसल्या. पण संसर्ग आणि मेंदूची झीज यांनी दोन-तीन महिन्यांत ते उंदीर गेले. चेतापेशींनाही हीच साफसफाई लागते ना!

काढलेलं जनुक परत बसत नाही. गोळी मात्र थांबवता येते. 2018 मध्ये उंदरांत ऑटोफॅजी पूर्ण बंद न करता, पुन्हा सुरू करता येईल अशी दाबून पाहिली. स्वादुपिंडातल्या गाठी तेवढ्यानंही आकसल्या.