केरसुणीला पाय लागला तर

आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या अनेक घरांत लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी नवी कोरी केरसुणी ठेवली जाते. तिला हळद-कुंकू वाहतात, अक्षता टाकतात आणि बोलताना तिला ‘लक्ष्मी’च म्हणतात. एरवी ही लक्ष्मी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून दाराआड असते. तिच्याभोवतीचे नियम मात्र वर्षभर सुटत नाहीत. तिला पाय लावायचा नाही, दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, आणि घरातले कोणी गावाला निघाले असेल तर त्याच्या पाठोपाठ तर नाहीच नाही. चुकून पाय लागलाच, तर तिला हात लावून तो कपाळाशी न्यायचा.

वहीला, पुस्तकाला, सांडलेल्या धान्याला पाय लागला तरी हात असाच आपोआप खाली जातो. दसऱ्याला एकच्या आकड्यांनी पाटीवर सरस्वती रेखाटणाऱ्या मुलाला हे कोणी मुद्दाम शिकवत नाही. विद्या रुसेल, एवढे एक वाक्य त्याला पुरते. आदर शिकवायला भीती हाताशी धरली जाते ती इथे.

तिन्हीसांजेनंतर केर का काढू नये, असे विचारले की समईच्या मंद उजेडात मंगळसूत्राचा मणी किंवा नथीतला मोती केराबरोबर जाऊ नये, असे उत्तर हमखास मिळते. ते पटण्यासारखे असले तरी मागाहून शोधलेले वाटते, कारण तेवढेच कारण असते तर घरात विजेचा दिवा आल्यावर हा नियम संपायला हवा होता.

भीतीने भाषेलाही आदबशीर केले आहे. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणायचे, दिवा विझवायचा नाही तर ‘मालवायचा’, आणि निरोप घेणाऱ्याने ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणायचे. ज्या रोगाने असंख्य माणसे नेली, त्याचे नावच ‘देवी’ पडले. भारतात त्याचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला. नाव अजून तेच आहे.

शिंदीच्या पानांची केरसुणी बांधणे हा पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाचा व्यवसाय राहिला. ज्या वस्तूला पाय लागला म्हणून नमस्कार घडे, ती बांधणाऱ्या हातांचा स्पर्श मात्र सोवळे पाळणाऱ्या घरांना चालत नसे. केरसुणीविषयीचे इतके बारीक नियम ज्यांनी तोंडपाठ केले, त्यांना ही विसंगती खटकली नाही, हे मला त्या नियमांपेक्षाही नवलाचे वाटते.

ती खटकलेला एक माणूस १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मला. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा रस्ते झाडून झाले की रात्री कीर्तनात नवसासाठी बकरे कापणाऱ्यांना आणि जातिभेद पाळणाऱ्यांना ते प्रश्न विचारत. कोणी पाया पडायला वाकले, तर ते त्यांना मुळीच खपत नसे.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच शहरातले सफाई कामगार लांब दांड्यांचे खराटे घेऊन उतरतात आणि फटाक्यांच्या कागदांचा खच दारातल्या रांगोळ्या चुकवत गोळा करू लागतात. वरच्या मजल्यांवरच्या घरांत तेव्हा अजून निजानीज असते, आणि तसबिरीशेजारच्या केरसुणीवरचे हळद-कुंकू अजून ताजे असते.